सातवा भागीदार

४ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. लांबून करतोय, पण वाकून करतोय असं समज, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यासाठी वाकलेलंच बरं.

तू फोनवर काही ठरवत नाहीस हे मला माहीत आहे. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या बाईला शिक्का नसलेलं बोलणं खरं वाटत नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या नागरी नेतृत्व प्रशिक्षण वर्गाचं हे अकरावं वर्ष. साधी माणसं येतात, सोळा रविवार शिकतात आणि मग आपल्या गल्लीत, इमारतीत पुढाकार घेऊन कामं करायला लागतात, असा हेतू. पण आम्हाला निधी देणाऱ्या संस्थेने यंदा वार्षिक अहवालात एक नवा रकाना घातला, ‘स्थानिक समाजातील भागीदार, किमान सात’. माझे सहा झाले होते. सातव्यासाठी मी तीन दिवस डोकं खाजवलं. चौथ्या दिवशी अहवाल पाठवायचा होता.

तर ताई, सातवा भागीदार तू आहेस.

तुमच्या इमारतीला लिफ्ट नाही. वर जाणारी माणसं दुसऱ्या मजल्यावर तुझ्या दारासमोर दम खायला थांबतात. तू त्यांना पाणी देतेस आणि त्या बदल्यात त्यांच्या घरातलं सगळं काढून घेतेस. मी अहवालात लिहिलं, ‘जिना नागरिक संवाद मंच. दैनंदिन जनसंवाद सत्रे, जलपानासह. सरासरी उपस्थिती चौदा.’ यात खोटं असं काही नाही, जरा इस्त्री फिरवली आहे एवढंच.

अडचण अशी झाली की सातांपैकी त्यांना नेमका तुझाच मंच आवडला. एक तपासनीस बाई मार्चअखेर तो बघायला येणार आहेत. त्यांचं मत वाईट पडलं तर वर्ग बंद, आणि अकरा वर्षांचं काम मी गुंडाळून कपाटावर ठेवायचं. तू काही करू नकोस. त्या दिवशी फक्त चौदा माणसं जिन्यात उभी कर.

तुझाच,
भोंग्या

९ फेब्रुवारी

भोंग्या,

आशीर्वाद लिहिणार होते, पण आधी पत्र पूर्ण वाचलं आणि हात आखडता घेतला.

लहानपणी घरातली प्रत्येक गोष्ट गल्लीभर जाहीर करायचास म्हणून तुझं नाव भोंगा पडलं. तेव्हा निदान घडलेल्या गोष्टी जाहीर करायचास.

चौदा ही सरासरी कुठून काढलीस? माझ्या दारात रोज थांबणारे पाच. तिसऱ्या मजल्यावरची नर्स, तिची सासू, कपडे पोचवायला येणारा खालचा लॉन्ड्रीवाला, पोस्टमन, आणि पाचवी मांजर. मांजर संवाद करते, पण तिची सही कोण घेणार?

मी खोटं बोलणार नाही. त्या बाई आल्या आणि त्यांनी विचारलं, तर तोंडावर सांगेन. मात्र खोटं खरं करायला माझी ना नाही. मार्चअखेरपर्यंत वेळ आहे. आमच्याकडे काम पडलेलं आहे आणि तुझ्याकडे म्हणे कामं करणारी माणसं तयार होतात.

काम असं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला कठडा नोव्हेंबरात तुटला. चौथ्या मजल्यावर घड्याळजी राहतात. पन्नास वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आता गुडघे गेले. कठडा नाही म्हणून नोव्हेंबरापासून ते खाली उतरलेले नाहीत. इमारतीच्या मालकाला मी सात पत्रं रजिस्टर्ड पोस्टाने घातली. सातही पोचपावत्या परत आल्या, कठडा काही आला नाही.

तुझे तीन नेते पाठव. येताना खाऊनपिऊन यायला सांग.

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

तू माझं ओझं उतरवलंस. या वर्षीच्या तुकडीतले तीन रत्नासारखे प्रशिक्षणार्थी पाठवतो आहे. एक दातांची डॉक्टर, एक व्यायामशाळेचा मास्तर, एक विमा एजंट. दर रविवारी सकाळी येतील.

एक विनंती. त्यांना एकदम कामाला जुंपू नकोस. आमची एक पद्धत आहे. आधी गरजांचं सर्वेक्षण, मग लोकांच्या मतांच्या रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर लावणं, मग चिठ्ठ्यांचे गट, मग प्राधान्यक्रम, मग कृती. पद्धत मोडली की नेतृत्व घडत नाही, असं आमच्या पुस्तिकेत लिहिलं आहे. पुस्तिका मीच लिहिली आहे.

तुझा,
भोंग्या

२ मार्च

भोंग्या,

तुझी रत्नं पोचली. माणसं गुणाची आहेत, त्यात शंका नाही. पण तू त्यांना असं काय शिकवलंस की साधा पाण्याचा पेला उचलायच्या आधी तिघं एकमेकांकडे बघतात?

पहिल्या रविवारी सर्वेक्षण झालं. विमा एजंटाने नर्सला विचारलं, या जिन्याबद्दल आपलं स्वप्न काय आहे? ती रात्रपाळी करून आली होती. म्हणाली, तो संपावा. त्यांनी ते लिहून घेतलं.

दुसऱ्या रविवारी चिठ्ठ्या. माझ्या दारापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत भिंत पिवळी, गुलाबी आणि हिरवी झाली. नर्सच्या दारावर अकरा चिठ्ठ्या. तिच्या सासूला वाटलं घर जप्त झालं, त्या दोन तास माझ्याकडे पिशवी घेऊन बसल्या होत्या. संध्याकाळी निष्कर्ष निघाला की कठडा तुटलेला आहे. मी म्हटलं, बाळांनो, हे घड्याळजींना ठाऊक आहे, मांजराला ठाऊक आहे, तुमच्या चिठ्ठ्यांनाच उशिरा कळलं.

आता काल, तिसरा रविवार. मोजमाप घ्यायचं होतं. तिघं तुटक्या कठड्यापाशी पायऱ्यांवर उभे. मी खालून मोजायची टेप पुढे केली आणि म्हटलं, कोणीतरी एकाने धरा. तर डॉक्टर एक पायरी मागे सरली आणि मास्तरला म्हणाली, आपण पुढे व्हा. मास्तर एक पायरी मागे सरला आणि एजंटाला म्हणाला, नाही नाही, आपण. मला नंतर कळलं की तुझ्या पुस्तिकेत चौथा पाठ आहे, ‘खरा नेता एक पाऊल मागे घेतो’.

एजंटाने पण मागे घेतलं. त्याच्या मागे जिना होता आणि जिन्याला कठडा नव्हता.

सहा पायऱ्या गडगडत माझ्या दारापर्यंत आला. नशीब की तिथे लॉन्ड्रीवाला इस्त्रीच्या चादरींचा गठ्ठा घेऊन दम खात उभा होता. एजंट थेट गठ्ठ्यावर. खरचटण्यापलीकडे काही नाही. आडवा पडल्या पडल्या त्याने लॉन्ड्रीवाल्याला विचारलं, तुम्ही अपघात विमा काढलाय का? लॉन्ड्रीवाला म्हणाला, माझं सोडा, चादरींचं बोला.

मी वर बघते तर डॉक्टर आणि मास्तर भिंतीला चिकटून उभे. मी चौथ्या पाठावर काट मारली आहे, तुला कळवते. पुढच्या रविवारपासून काम.

ताई

६ मार्च

ताई,

एजंटाचं ऐकून तोंडचं पाणी पळालं. त्याला हळद लावलीस ना? तो इथे सगळ्यांना तो प्रसंग ‘अनुभवाधारित शिक्षण’ म्हणून सांगत फिरतोय, म्हणजे बरा असावा.

चौथा पाठ सपाट जमिनीसाठी लिहिलेला आहे. पुढच्या आवृत्तीत तसा खुलासा करीन.

ताई, खरं सांगू? कठडा नाही झाला तरी चालेल. मास्तर आणि डॉक्टर कठड्यापाशी उभे आहेत, तू हाताने काहीतरी दाखवते आहेस, असा एक फोटो पाठव. अहवालाला तेवढा पुरतो. उगाच धडपड करून कोणाचं हाड मोडलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

भोंग्या

१२ मार्च

ताई,

तुझं उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा लिहितो. तपासनीस बाई कडक आहेत असं ऐकलं. चेहऱ्यावरून काही कळत नाही म्हणे. मी संभाव्य प्रश्नांची उत्तरं काढून सोबत जोडली आहेत, पाठ कर.

मंच कधी स्थापन झाला? ‘समाजाच्या गरजेतून हळूहळू आकाराला आला.’ सदस्य किती? ‘संख्येपेक्षा सहभाग महत्त्वाचा मानतो.’ मुख्य उपलब्धी? इथे जरा थांब, खिडकीबाहेर बघ, आणि म्हण, ‘माणसं बोलती झाली.’

सत्यापासून फार लांब जाऊ नकोस, पण फार जवळही जाऊ नकोस.

भोंग्या

१६ मार्च

भोंग्या,

तुझं उत्तरांचं पत्र आज सकाळी मिळालं. एक दिवस उशीर झाला. खुर्चीत बसून वाच, पाणी जवळ ठेव.

काल रविवार. सकाळी नऊला सगळे हजर. मास्तरने त्याच्या व्यायामशाळेतले लोंबकळायचे जुने लोखंडी पाइप आणले होते, एकट्याने, दोन्ही खांद्यांवर. भिंतीला भोकं पाडायचं काम डॉक्टरने घेतलं. तिने डोळ्यांना चष्मा लावला, ड्रिल हातात घेतलं आणि इतक्या अलगद भोक पाडलं की भिंतीला कळलं नसेल. सवयीने दर भोकाआधी म्हणायची, घाबरू नका, लगेच होईल. एजंट लांबून सिमेंट कालवत होता, त्याला मी पायऱ्यांवर चढू दिलं नाही.

आणि वर, तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर, घड्याळजी. चौथ्यावरून बसत बसत, एकेक पायरी घसरत ते तिथवर आले होते. डोळ्याला त्यांचं भिंग लावून वरून सांगत होते, केसभर डावीकडे. अर्धा केस उजवीकडे. मास्तरला घाम फुटला.

पाइप भोकात बसवला, सिमेंट भरलं. लवकर सुकणारं असलं तरी वीस मिनिटं पाइप सरळ धरून ठेवायचा होता. एका टोकाला मास्तर. दुसऱ्या टोकाला लॉन्ड्रीवाला उभा राहणार होता, त्याला गिऱ्हाइकाने हाक मारली. तेवढ्यात जिन्याने एक बाई धापा टाकत वर आली. हातात फाइल, गळ्यात पिशवी. मला वाटलं तुझ्याच वर्गातली चौथी. मी म्हटलं, किती हा उशीर, ते टोक धरा आधी. तिला बोलायला दम नव्हता. तिने फाइल माझ्या हातात दिली आणि टोक धरलं.

दोनतीन मिनिटांनी तिला श्वास आला. म्हणाली, “हा मंच कधी स्थापन झाला?”

मी म्हटलं, “कसला मंच? माझ्या भावाने कागदावर काढलाय. सातवा कमी पडत होता. तुम्हाला वर्गात सांगितलं नाही का?”

“मी वर्गातली नाही,” ती म्हणाली. “मी तपासणीला आले आहे. न कळवता, ठरल्याच्या आधी.”

भोंग्या, माझ्या पायाखालचा जिना सरकला. एजंटाच्या हातातली थापी सिमेंटात पडली. ती बाई पाइप सोडायला गेली, तर वरून घड्याळजी म्हणाले, अजून सतरा मिनिटं, हलू नका. आणि तिने खरंच सोडला नाही.

मग सतरा मिनिटं ती तिथे अडकली आणि इमारतीने तिला गाठलं. नर्सच्या सासूने चिठ्ठ्यांचं सगळं गाऱ्हाणं सांगितलं, पिशवीसकट. लॉन्ड्रीवाल्याने खालून येऊन चादरी दाखवल्या. एजंटाने कोपर दाखवलं. मी मालकाला घातलेल्या पत्रांच्या सातही पोचपावत्या आणून तिच्या डोळ्यांसमोर धरल्या, कारण तिचे हात मोकळे नव्हते. तिने काहीच लिहून घेतलं नाही. काय मनात ठेवलं ते देवाला माहीत. चेहऱ्यावरून खरंच काही कळत नाही.

वीस मिनिटं झाली. घड्याळजी उठले, कठडा धरला, खाली उतरले. माझ्या दारात पाणी प्याले आणि आणखी खाली गेले, रस्त्यापर्यंत. मला रडू आलं. त्याच वेळी तुझं वाटोळं केलं याचंही रडू येत होतं. कोणतं कशाचं ते मला वेगळं करता आलं नाही. वळून बघते तर बाई फाइल घेऊन निघून गेल्या होत्या.

मी खोटं बोलणार नाही असं तुला बजावलं होतं, पण खरं इतकं घाईने बोलायला नको होतं. मला माफ कर. मोठी बहीण असून मी तुझ्या अकरा वर्षांवर पाणी ओतलं. मी दोन दिवस जेवलेले नाही, म्हणजे एकच दिवस झाला, पण उद्याही जेवणार नाही.

ताई

४ एप्रिल

ताई,

आधी जेव. तीन आठवडे झाले, जेवत असशील अशी आशा आहे.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. तुझं पत्र वाचून मी तुझ्यावर एक दिवस चिडलो, मग दोन दिवस स्वतःवर, आणि चौथ्या दिवशी बाईंनी ऑफिसात बोलावलं.

टेबलावर माझा अहवाल होता. त्यांनी इतर सहा भागीदारांकडेही जाऊन पाहिलं होतं. तुला मी हे सांगितलं नव्हतं, आता सांगतो. ‘प्रभात नागरिक मंडळ’ म्हणजे मी आणि शेजारचे दोघे सकाळी फिरायला जातो ते. ‘ज्येष्ठांचा विचारगट’ म्हणजे आमच्या केशकर्तनालयातला बाक. बाई तिथे गेल्या तर एक आजोबा म्हणाले, विचार नाही हो, नंबर लावून बसलोय. उरलेले चारही त्याच माळेतले.

मी सगळं कबूल केलं. म्हटलं, वर्ग बंद करा, पण त्या तिघांना प्रमाणपत्र द्या, त्यांनी खरंच काम केलंय. बाईंनी अहवाल मिटला आणि म्हणाल्या, “अकरा वर्षांत हाताने धरता येईल असं काय झालं, तेवढंच लिहून आणा. दहा दिवस देते.”

ताई, मी घरी आलो आणि कोरा कागद समोर ठेवून बसलो. मला एकही गोष्ट आठवेना. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. अकरा वर्षं मी काहीच केलं नसेल तर?

मग जुन्या हजेरीपटातले पत्ते काढले आणि पायी निघालो. तिसऱ्या तुकडीतला एक बस कंडक्टर. त्याने त्याच्या थांब्यावर बाक बसवून घेतला होता. मी त्या बाकावर बसलो. पाचव्या तुकडीतली शिवणकाम करणारी एक बाई. तिने शाळेतला पाण्याचा नळ खाली आणून घेतला, लहान मुलांचा हात पोचत नव्हता म्हणून. मी म्हटलं, तुम्ही मला कधी सांगितलं नाही. ती म्हणाली, सर, सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, छान, पण अहवालात घालण्याएवढं मोठं नाही.

मी म्हणालो होतो. मला आठवलं.

दहा दिवसांत एकोणीस गोष्टी सापडल्या. प्रत्येकीला हात लावून आलो. तीस पानांचा अहवाल दीड पानाचा झाला. विसावी ओळ तुमच्या कठड्याची, आणि तीच एक मी हात न लावता लिहिली आहे. काल कागद देऊन आलो. निकाल कळायचा आहे. बंद झालं तरी आता मला झोप लागते. तू माझं वाटोळं केलेलं नाहीस ताई. मला तुझ्याकडे यायचं आहे.

भोंग्या

१२ एप्रिल

माननीय ताई,

आपलं नाव मला ठाऊक नाही, सगळे ताई म्हणत होते म्हणून तेच लिहिते. पत्ता पोचपावत्यांवरून लक्षात राहिला.

आपल्या बंधूंना अधिकृत पत्र वेगळं गेलं आहे. प्रशिक्षण वर्गाला आणखी एक वर्ष मुदत मिळाली आहे. अटी दोन. अहवाल दोन पानांच्या वर जायचा नाही, आणि त्यातल्या प्रत्येक कामापाशी त्यांनी स्वतः जाऊन यायचं. सात भागीदारांची अट मी रकान्यासकट काढायला लावली आहे. तो रकाना मीच सुचवला होता.

हे पत्र मात्र माझं खासगी आहे. माझे खांदे चार दिवस दुखत होते, पण त्याबद्दल तक्रार नाही.

मी एका इमारतीत पाचव्या मजल्यावर नऊ वर्षं राहते. आमच्या जिन्यातला दिवा दोन वर्षं बंद आहे. मी रोज मोबाइलच्या उजेडात चढते. त्या दिवशी तुमच्याकडून घरी जाताना अंधारात उभी राहिले आणि लक्षात आलं की मी शेकडो संस्थांना विचारलं आहे की तुम्ही लोकांना एकत्र कसं आणता, पण माझ्या समोरच्या दारात कोण राहतं ते मला माहीत नाही. तिथून कधी रेडिओ ऐकू येतो, एवढंच.

शुक्रवारी रजा टाकली आहे. दिवा विकत आणला आहे, शिडीही आणली आहे. दार वाजवल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मला सुचत नाही. आपण कळवाल का?

आपली,
तपासनीस

१५ एप्रिल

तपासनीस बाईंना आशीर्वाद.

शुक्रवारच्या आत मिळावं म्हणून जलद टपालाने पाठवते आहे. भाऊ आलेला आहे. सकाळपासून कठडा धरून वरखाली करतो आहे, त्याला पाणी देऊन मग लिहायला बसले.

वाक्य सोपं आहे. समोरच्यांना म्हणा, तुमच्याकडे शिडी आहे का?

तुमची शिडी आत लपवून ठेवा.

ताई